चपला घालतानाचं वाक्य

अण्णा, तुमचे दिवस व्हायच्या आतच माणसं तुमच्यावर भाषण लिहून घ्यायला माझ्याकडं यायला लागली. आता काय बोलायचं यावर! शाहूपुरीतली तीच माडी, तेच बाकडं, आणि बाकड्यावर बसून "शोकसभेत दोन शब्द बोलायचं हाय, जरा चांगलं लिहून द्या की" म्हणणारं गिऱ्हाईक. फक्त ज्याच्यावर बोलायचं तो माणूस तुम्ही. पहिल्या दिवशी तर मी सवयीनं म्हणून गेलो, "बसा, अण्णांना विचारतो." आणि आतल्या टेबलाकडं बघितलं.   खालच्या इंजिनाच्या पार्टच्या दुकानात कुणीतरी पाना मागत होतं, ते ऐकत बसलो.

शोकसभा रविवारी संध्याकाळी ठरली, मंगळवार पेठेत, तुमच्या घरापासून चार पावलांवरच्या सभागृहात. वहिनींनी मला बोलावून सांगितलं, "बाकीच्यांस्नी काय बोलायचं ते बोलूदे. शेवटाला तू बोल. आन् नीट बोल. त्येंच्या माघारी त्येंचं नाव घालवू नगंस." मी हो म्हणालो आणि जिना उतरता उतरताच घाबरलो. भाषणं लिहून द्यायचा धंदा करणारी आपण दोन माणसं, पण आयुष्यात माईकपुढं एकदाही उभी राहिलो नाही. तुम्ही राहिला नाही कारण तुमची जीभ अडखळायची. मी राहिलो नाही कारण माझी जीभ थांबायचीच नाही. पण खरी भीती माईकची नव्हती. रविवारच्या आत मला तुमचं वाक्य सापडायला हवं होतं, आणि ते सापडत नव्हतं.

वाक्य म्हणजे काय, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी शिकवलंत, तेही माझं नाक कापून. चंदगडहून बी.ए. होऊन आलेला, कॉलेजात निबंधाची बक्षिसं मिळवलेला मी, ताठ मानेनं तुमची माडी चढलो होतो. तुम्ही एका शिपायाच्या सेवानिवृत्तीचं भाषण लिहायला दिलंत. मी दुपारपर्यंत चार पानं भरली. त्यात तेवणारा दीप होता, झिजणारं चंदन होतं, वटवृक्ष होता. तुम्ही सगळी पानं शांतपणे वाचलीत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "ह्यात वा... वा..."

"वाक्यं?" मी म्हणालो.

तुम्ही डोळे मिटलेत. बोटानं टेबलावर टकटक केलंत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत. "ह्यात वाक्य कुठं हाय?"

"शंभर तरी असतील की, अण्णा."

"शंभर हायत म्हणून तर सापडंना."

त्या एका दिवसात मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे अण्णांचं बोलणं कुणी पुरं करायचं नाही. कुणी केलंच, अगदी बरोबर केलं तरी अण्णा परत पहिल्यापासून सुरू करणार, आणि समोरच्याला ते सगळं पुन्हा ऐकावं लागणार. मोठमोठे पुढारी तुमच्यापुढं असे अडकलेले मी पाहिलेत. घड्याळाकडं बघणारे, पाय हलवणारे, तुमच्या तोंडातला शब्द ओढून काढायला निघालेले. दोन-तीन भेटींत सगळे सुधारायचे. ज्याचं वाक्य त्यानंच पुरं करायचं, हा तुमचा नियम होता आणि तो सगळ्यांना सारखाच लागू होता.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय वेगळा आणि वाक्य वेगळं. एक सरपंच आलते, आठवतात? "पाणी योजनेवर भाषण पायजे," म्हणाले.

"ही पाटी झाली. पाणी योजनेचं काय?"

"झाली पायजे."

"नको कोण म्हणतंय?"

"तसं कोणच म्हणत न्हाय ओ. पर होत न्हाय."

तुम्ही नुसते बसून राहिलात. सरपंचांनी मग सगळं सांगितलं. मंजुरी, निधी, वरची आळी, खालची आळी, मागच्या सरपंचाची भानगड. चहा झाला. तुमचं पेन तसंच झाकण लावून पडलेलं. शेवटी ते कंटाळून उठले, दाराशी गेले, एका हातानं चौकट धरून चपलेत पाय घातला आणि स्वतःशीच पुटपुटले, "पाणी समद्यांस्नी पायजे, पर पायपाला रान द्यायला एक बी तयार न्हाय बघा."

"या. बसा," तुम्ही म्हणालात, आणि पेनाचं झाकण काढलंत.

ते भाषण मी लिहिलं, पण ते झालं होतं दारातच. तुमचं म्हणणंच होतं की बाकड्यावर बसलेला माणूस सभेला शोभेल असं बोलतो आणि चपला घालताना त्याला जे वाटतं ते बोलतो. म्हणून गिऱ्हाईक उठेपर्यंत तुम्ही कागदाला हात लावत नव्हता. मग त्या वाक्याच्या तुमच्या दोन परीक्षा. ऐकणाऱ्याला "कशावरून?" असं विचारावंसं वाटलं पाहिजे, नाहीतर ती नुसती शोभेची पाटी. आणि वाक्यात 'आणि' आला की दोन भाषणं झाली, त्यातलं एक कापायचं. ही अलीकडची तरणी पोरं मोबाईललाच भाषण लिहून मागतात म्हणून मी एकदा कुरकुर केली, आपला धंदा बसणार म्हणून. तुम्ही तो मोबाईल हातात घेतलात, त्यानं लिहिलेलं भाषण सगळं वाचलंत, चांगलं आहे म्हणालात, आणि मग बऱ्याच वेळानं म्हणालात, "पर ह्यो चपला घालत न्हाय."

तर रविवारसाठी मी तुमच्यावर लिहायला बसलो. पहिलंच वाक्य लिहिलं, 'अण्णा कडक होते आणि तितकेच प्रेमळ होते.' लिहिताक्षणी पाठीमागनं तुमचा आवाज, "आणि आला." खोडलं. 'अण्णा हे शब्दांचे किमयागार होते.' कशावरून? खोडलं. 'अण्णा गेल्यानं पोकळी निर्माण झाली आहे.' यावर तर तुम्ही बोलला पण नाहीत, नुसतं टेबलावर बोट वाजलं. मी मान वर केली. टेबल रिकामं होतं, अण्णा. पण बोट वाजलं होतं हे मी शपथेवर सांगेन. बेसिनचा नळ गळत असेल म्हणून मी नळ घट्ट केला. पंखा बंद केला. खिडकीची कडी लावली. तरी तुमच्या बोटाची ती टकटक येत राहिली, आणि टकटकीनंतर तुमचा शब्द यायचा तेवढी शांतता. शब्द तेवढा आला नाही.

ती टकटक कुठनं येते हे मला माहीत आहे. दवाखान्यातनं येते.

तुम्ही आजारी होता तेव्हा एके दुपारी मी थर्मासमधनं चहा घेऊन आलो होतो. तुम्हाला जरा बरं वाटत होतं, नर्सबाईंनी उशीला टेकवून बसवलं होतं. आपण आपल्या जुन्या भांडणावर आलो. ते भांडण कसलं होतं हे आता मी सोडून कुणाला माहीत नाही. तात्यांच्या शोकसभेपासनं ते चालू होतं.

तात्या म्हणजे कागलकडच्या एका गावातले जुने पुढारी. ते गेले तेव्हा त्या एकाच आठवड्यात आपल्याकडं तीन माणसं येऊन गेली, तिघं तीन वेगळ्या दिवशी. त्यांचा पुतण्या, त्यांच्या संस्थेचा सेक्रेटरी आणि ज्यानं जन्मभर त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली तो त्यांचा विरोधक. बाकड्यावर तिघं तीन तऱ्हेचं बोलले. चपला घालताना तिघंही एकच बोलले, की तात्या भांडायचा, पर दुसऱ्या दिवशी स्वतःच दारात येऊन उभा ऱ्हायचा. मी तुम्हाला म्हणालो, अण्णा, सभा एकच आहे, निदान दोघांची वाक्यं तरी बदलू. तुम्ही ऐकलं नाहीत. "तीन जणं येगळी येऊन एकच बोलली तर ती चूक न्हाय. साक्ष हाय ती."

मग काय व्हायचं ते झालं. पुतण्या बोलला तेव्हा बायका रडल्या. सेक्रेटरी बोलला तेव्हा कुजबुज झाली. विरोधक उभा राहिला आणि त्यानं तेच वाक्य उच्चारलं तेव्हा मागनं कोणीतरी ओरडलं, "आता फुडचं आमी म्हणतो की!" आणि शोकसभेत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी तो विरोधक आपल्या माडीवर लालबुंद होऊन हजर. "माझी इज्जत घालवलीसा अण्णा तुमी!"

"वाक्य खोटं होतं?"

"खोटं न्हाय ओ. पर..."

"पर काय?"

तो तसाच 'पर... पर...' करत जिना उतरला. मी मात्र गप्प बसलो नाही. मी त्या दिवसापासनं तुमच्याशी भांडत राहिलो. माणूस एका वाक्यात मावत नाही, अण्णा. जितकी माणसं त्याला ओळखतात तितकी त्याची वाक्यं. बायकोला दिसला तो वेगळा, शेजाऱ्याला दिसला तो वेगळा. तुम्ही दरवेळी मान हलवायचा. तुमचं म्हणणं एकच, की वाक्य एकच असतं, बाकीच्यांनी नीट बघितलेलं नसतं. चहाला भांडलो, बसस्टॉपवर भांडलो, खासबागेपासून तुमच्या घरापर्यंत चालत भांडलो. तुम्हाला 'म' जड जायचा. मंगळवार पेठेत राहायचा आणि रिक्षावाल्याला खासबाग सांगून तिथनं पायी घरी यायचा. 'मी' न म्हणता 'आपण' म्हणायचा. 'माझं' तर तुमच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ऐकलंच नव्हतं. तुमच्या घरी जेवायला बसलो आणि तुम्ही असेच एखाद्या शब्दावर अडलात की वहिनी तव्यावरची भाकरी उलटता उलटता, मागं न बघता म्हणायच्या, "सावकाश बोला. आमाला कुठं जायचं हाय?" आणि तुमचा शब्द सुटायचा.

तर दवाखान्यात त्या दुपारी मी तुम्हाला डिवचायला म्हणालो, "एवढं एक वाक्य, एक वाक्य करताय. मग तुमचं वाक्य काय, सांगा की!" तुम्ही हसलात. खोकला आला. मी पाणी दिलं, पाठ चोळली आणि ते बोलणं तिथंच सुटलं. भेटायची वेळ संपत आली म्हणून उठलो. वॉर्डच्या दाराबाहेर चपला काढलेल्या असतात तिथं आलो, एका चपलेत पाय घातला आणि आतनं तुमची हाक आली. "सदा."

मी एक पाय चपलेत, एक अनवाणी, तसाच मागं आलो. तुम्ही खाटेच्या दांडीवर बोटानं टकटक करत होता. बराच वेळ. मग म्हणालात, "माझं." स्वच्छ म्हणालात, एका दमात.  "माझं वाक्य एवढंच की..."

आणि अडलात.

मी थांबलो, अण्णा. नियमाप्रमाणं थांबलो. तुमच्या ओठांकडं बघितलं नाही, त्यानं तुम्हाला घाई होते म्हणून दांडीवरच्या बोटाकडं बघत राहिलो. बोट वाजत होतं. नर्सबाई आल्या, "आजोबांना आता झोपू द्या, उद्या बोला," म्हणाल्या. मी हललो नाही. मग तुम्हीच हात वर केलात, उद्या, अशा अर्थानं. तुमच्या चेहऱ्यावर काही राहून गेल्याची खूण पण नव्हती. आपल्याला काय, सवयच होती. तुमची कित्येक वाक्यं आदल्या दिवशी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पुरी झालेली. मी दुसरी चप्पल घातली आणि घरी आलो. सकाळी वहिनींचा फोन आला.

त्यानंतर ते अर्धं वाक्य माझ्या मागं लागलंय. रिक्षावाला हँडलवर बोट वाजवतो, मी पुढचं ऐकायला थांबतो. गिऱ्हाईक बोलता बोलता 'एवढंच की' म्हणतं आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. डोकं मात्र गप्प बसत नाही, शेवट जुळवत बसतं. माझं वाक्य एवढंच की घाई करू नको. माझं वाक्य एवढंच की वहिनींना सांभाळ. असली कितीतरी. सगळी खोडली, कारण ती माझी होती, तुमची नव्हती.

शनिवारी दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. माझ्या डोक्यात एक वेडेपणा आला. मी तुमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि तुमचं वाक्य मुद्दाम, मोठ्यानं, पुरं केलं. तोंडाला येईल ते म्हणालो. कुणी पुरं केलं की तुम्ही परत पहिल्यापासून सुरू करता ना? म्हणून केलं. आणि थांबलो. खालच्या दुकानातली भावाची घासाघीस ऐकू येत होती, जिन्यात कुणीतरी थुंकलं, सगळं ऐकू येत होतं. तुम्ही सुरू केलं नाहीत. त्या क्षणापर्यंत, खरं सांगतो, तुम्ही गेलात हे मला कुणी सांगितलेलंच होतं फक्त. तेव्हा कळलं. मी गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसून ओक्साबोक्शी रडलो.

आता भाषणं मागायला कोण कोण आलं ते ऐका.

पहिल्या आल्या शोभाताई, त्या कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत बोलायचं असलं की दरवर्षी न चुकता तुमच्याकडं येऊन बसायच्या, लिहून घ्यायला नाही, नुसतं वाक्य तपासून घ्यायला. बाकड्यावर त्यांनी तुमच्या व्यासंगाबद्दल सांगितलं. मी ऐकून घेतलं. उठल्या, चपला घातल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "सदाशिवराव, आमच्या लोकांना ऐकून घेणारे पुष्कळ भेटतात हो, मान डोलावतात. पण आपलं पुरं होईपर्यंत मध्ये न बोलणारा माणूस मला एवढा एकच भेटला."

दुसरे आले खालचे रमेशशेठ, इंजिनाचे पार्टवाले. जिन्यातल्या पाण्यावरनं ज्यांचं तुमच्याशी दरसाल वाजायचं तेच. बाकड्यावर त्यांनी शेजारधर्म वगैरे सांगितला. मला हसू येत होतं. चपलेत पाय घालताना मात्र खाली मान घालून म्हणाले, "भांडताना बी मला पुरं बोलूद्यायचा ओ ह्यो माणूस. आपलं संपलं की मग त्येचं सुरू. माझं मलाच ऐकू यायचं आन् राग जायचा."

मी चरकलो. दोन झाले.

तिसरे हिंदुराव चेअरमन, दूध संस्थेचे. त्यांच्या सर्वसाधारण सभेची सगळी भाषणं आपलीच. बाकड्यावर बसून ते तुमच्याबद्दल कमी आणि पुढच्या सभेबद्दल जास्त बोलले. उठले तेव्हाही तेच, "आता सभेचं तूच लिहायचं बघ सदा, धा मिनिटाच्या वर नगो." आणि धाडधाड जिना उतरून गेले. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी वेगळा निघाला, भांडण मी जिंकलं. अण्णा, जिंकल्यावर असं भकास वाटतं हे मला माहीत नव्हतं.

पाच मिनिटं झाली नसतील, जिन्यात पुन्हा पावलं वाजली. यावेळी सावकाश. हिंदुराव दारात उभे होते, अनवाणी. त्यांच्या हातात तुमच्या चपला. ऑफिसच्या दारातल्या तुमच्या त्या जुन्या चपला मी हलवल्या नव्हत्या. येणारे जाणारे आपल्या चपला त्यांच्या शेजारी काढत होते. हिंदुरावांनी गडबडीत त्याच घातल्या आणि गाडीपर्यंत गेले. तिथं गेल्यावर त्यांना कळलं, की अंगठ्याला टोचतंय.

ते तसेच दारात उभे राहिले. एवढा दांडगा माणूस, पण चपला खाली ठेवायला त्यांच्याच्यानं होईना. "गाडीपातूर ह्या घालून गेलो की रं मी," म्हणाले.  मी नियमाप्रमाणं थांबलो. "सदा, मला समदी म्हणत्यात, चेअरमन, आटपा, फुडं कार्यक्रम हाय. घरात पोरं म्हणत्यात, बाबा, मुद्द्याचं बोला. ह्या माणसानं मला एकदा सुदीक लवकर बोला म्हटलं न्हाय. त्येचं त्येला बोलायला एवढा तरास, आन् माझ्या चऱ्हाटाला बसून ऱ्हायचा."

त्यांनी वाकून तुमच्या चपला होत्या तिथं ठेवल्या. शेजारच्या आपल्या घातल्या आणि गेले. तीन झाले, अण्णा. साक्ष पुरी झाली. भांडण तुम्ही जिंकलात. मी तिन्ही भाषणं लिहिली आणि तिन्हीत तेच वाक्य ठेवलं, ज्याच्या त्याच्या तोंडच्या शब्दांत. सभा एकच आहे हे माहीत असून ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं, की मी शेवटाला बोलणार आणि तोपर्यंत माझं वाक्य तिघं वापरून बसलेले असणार.

रविवारी सभागृह भरलं होतं. आपली किती गिऱ्हाइकं आली होती म्हणून सांगू. ज्यांच्या ज्यांच्या तोंडून आपण बोललो ती सगळी आज गप्प बसली होती. तुमचा फोटो, हार, उदबत्ती. वहिनी पुढच्या रांगेत. शोभाताई बोलल्या. मग रमेशशेठ बोलले. मग हिंदुराव उठले, कागद उघडला, वाचला आणि परत घडी घातला. "ह्या दोघांनी सांगितलं तेच माझ्या बी कागदावर हाय. मी काय येगळं सांगू? तेच म्हणतो." मी मान खाली घालून हशा यायची वाट बघत होतो. आला नाही. मागच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं तेवढंच.

मग माझं नाव पुकारलं. खिशात कागद होता, तो बाहेर काढलाच नाही. माझ्याकडं माझं असं एकच काही होतं, जे त्या तिघांकडं नव्हतं. मी माईकपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा मला दवाखान्यात शेवटचं म्हणाले, माझं वाक्य एवढंच की..."

पुढं मला सांगायचं होतं, की हे वाक्य अण्णांनी पुरं केलं नाही. एवढंच सांगायचं होतं. पण जन्मात कधी न अडलेली माझी जीभ टाळूला चिकटली, तुमच्याच वाक्यावर, तुम्ही अडलात त्याच जागी. मी माईकच्या दांड्यावर बोट वाजवत होतो हे मला नंतर कळलं. स्पीकरमधनं ते सगळ्या सभागृहात ऐकू जात होतं.

आणि लोक थांबले, अण्णा. कुणी घड्याळ बघितलं नाही. कुणी खाकरलं नाही. कुणी पुढचा शब्द सुचवला नाही. पाय हलवणारे पुढारी होते तिथं, मुद्द्याचं बोला म्हणणारे होते, ती सगळी माणसं हात मांडीवर ठेवून थांबली. तुम्ही त्यांना एकेकाला माडीवर बसवून हे शिकवलं होतंत. पुढच्या रांगेतनं वहिनींचा आवाज आला, तोच भाकरी उलटतानाचा. "सावकाश बोल. आमाला कुठं जायचं हाय?"

 मी फोटोला हात जोडले, लोकांना हात जोडले आणि खाली बसलो. तुमचं नाव राखलं का घालवलं ते मला ठाऊक नाही. लोक आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग एकेक उठले.

सगळे गेल्यावर दाराशी आलो. चपलांचा ढीग विरळ झाला होता. वहिनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन चपला शोधत होत्या. एका चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "काय सांगायचं हुतं रं तुला तिथं?"

मी माझ्या चपलेत पाय घालत होतो. विचार करायला वेळच मिळाला नाही. "वहिनी, मी अजून थांबलोय," म्हणालो.

त्यांना दुसरी चप्पल सापडली, तीही घातली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मी बी."

दोघांचं एकच निघालं, अण्णा. तुमचं राहिलेलं सावकाश सांगा. आम्हाला कुठं जायचं आहे?